नाव न घेता

मराठी वर्तमानपत्रांनी रूढ केलेला एक शब्दप्रयोग मला फार आवडतो : ‘नाव न घेता’. अमुक नेत्यानं तमुक नेत्याचं नाव न घेता टोला लगावला, अशी बातमी असते. आणि ज्याचं नाव घेतलेलं नसतं त्याचं नाव बहुतेक वेळा मथळ्यातच ठळक अक्षरांत छापलेलं असतं. बोलणाऱ्यानं जे एवढ्या कसरतीनं टाळलं, ते आम्ही एका ओळीत उरकून टाकतो. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. वक्त्याला तर नाहीच. नाव आलं नाही, तर उलट त्याच्याकडून विचारणा होते, की रोख कोणाकडे होता हे तुमच्या लक्षात आलं नाही का?

माझी उमेदीची वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. एजन्सीची इंग्रजी कॉपी यायची, तिचं मराठी करायचं, मथळा द्यायचा, पान सोडायचं. या कामात नामांचं भय वाटत नाही. त्यांना ठरलेले प्रतिशब्द असतात आणि नसले तर इंग्रजी शब्द तसाच ठेवता येतो. घोडं अडतं ते क्रियापदापाशी, आणि त्यातही ‘म्हणाले’च्या जागी येणाऱ्या क्रियापदांपाशी. माणूस नुसता ‘म्हणाला’ यावर इंग्रजी बातमीदाराचं समाधान होत नाही. त्याच्या कॉपीत कोणी हिंट करतो, कोणी सजेस्ट करतो, कोणी इम्प्लाय, कोणी अल्यूड, कोणी इन्सिन्युएट. डाक आवृत्तीची वेळ भरत आली की या सगळ्यांवर आमच्याकडे एकच उतारा असे : ‘सूचित केले’. मंत्र्यांनी सूचित केले, अहवालाने सूचित केले, अभिनेत्रीनेही सूचितच केले.

एका रात्रीची कॉपी आठवते. विरोधी पक्षातल्या कोणा नेत्यानं पत्रकार परिषदेत दोन वाक्यं उच्चारली होती. चौकशी समितीचा अहवाल अजून आलेला नाही, हे एक. समितीच्या अध्यक्षांनी मध्यंतरी बंगला बांधला, हे दुसरं. इंग्रजी बातमीदारानं लिहिलं होतं, ‘इन्सिन्युएटेड’. आमच्यातल्या नव्या मुलानं त्याचं सरळ ‘आरोप केला’ करून टाकलं. मुख्य उपसंपादकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आरोप कुठं केलाय त्यानं? वाक्य दाखव.” तसं वाक्य नव्हतंच. मग कोणी म्हणालं, “सर, ‘सूचित केले’ करू या.” तर ते म्हणाले, “सूचित केलं म्हणजे त्याला ठाऊक होतं आणि त्यानं हळूच सांगितलं. त्याला ठाऊक होतं हे तुला ठाऊक आहे का?” शेवटी त्यांनी क्रियापदच काढून टाकलं आणि ती दोन वाक्यं जशीच्या तशी एकापुढे एक ठेवली. पान सुटलं. मला मात्र तेव्हापासून त्या दोन वाक्यांमधल्या पूर्णविरामाकडे पाहायची खोड लागली. सगळा मजकूर तिथंच होता.

इंग्रजी कोशात ही क्रियापदं समानार्थी म्हणून एका ओळीत बसलेली दिसतात, पण प्रत्येकाच्या पोटात तीन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं असतात. बोलणाऱ्याला ते ठाऊक होतं का? ऐकणाऱ्याला कळावं अशी त्याची इच्छा होती का? आणि कळलं, तर त्याची जबाबदारी कोणाची?

हिंट देणाऱ्याला ठाऊक असतं, हे गृहीत आहे. शब्दकोड्याची हिंट तोच देऊ शकतो ज्याच्याकडे उत्तर आहे. त्याला ते कळायलाही हवं असतं. न कळलेली हिंट फुकट गेली. म्हणून ‘राजीनाम्याची हिंट दिली’ असं लिहिलं की राजीनामा येणार, एवढं वाचक धरूनच चालतो. इम्प्लाय याला माणसाचीही गरज नाही. कागदपत्रं इम्प्लाय करतात, आकडे करतात, मौनही करतं. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ आत दुमडणं. घडीत जे आहे ते आहे. कोणी मुद्दाम ठेवलं की आपसूक राहिलं, याची चौकशी हे क्रियापद करत नाही. सजेस्ट त्याहून मवाळ, आणि शास्त्रज्ञांचं लाडकं. पुरावा ‘सजेस्ट’ करतो, म्हणजे तो अजून सिद्ध करत नाही.

अल्यूडची गंमत निराळी. त्याच्या मुळाशी खेळणं आहे. अल्यूड करणारा नवी माहिती काही देतच नाही. दोघांनाही आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीला तो नुसता स्पर्श करून पुढे जातो. ज्याला ती गोष्ट ठाऊक नाही त्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि बरेचदा आपल्या हाती काही लागलं नाही हेही त्याला कळत नाही. मित्रमंडळींच्या गप्पांत नव्यानं आलेला माणूस बाकीचे का हसले म्हणून इकडेतिकडे बघतो, तेव्हा तो अल्यूजनच्या बाहेर उभा असतो.

आणि इन्सिन्युएट. मुळात वळण, बाक. वाकडी वाट काढत आत शिरणं. यातला ऐवज नेहमी कुणाच्या तरी बदनामीचा असतो. चांगली गोष्ट कोणी इन्सिन्युएट करत नाही. बोलणाऱ्याला खरं ठाऊक असण्याचीही अट नाही, किंबहुना नसलेलं बरं. ऐकणाऱ्याला मात्र कळायलाच हवं, आणि कळल्यावर ‘मी कुठं तसं म्हटलं?’ असं विचारायची सोयही हवी. हिंट देणाऱ्याला आपलं श्रेय हवं असतं. इन्सिन्युएट करणारा तिथं नव्हताच.

या दोन क्रियापदांमधलं अंतर पाहायचं तर शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ उघडावं. पहिल्या अंकात ऑथेल्लो राजसभेपुढे आपल्या प्रेमाची हकिकत सांगतो. त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकून डेस्डिमोना त्याला म्हणालेली असते, की तुमच्या एखाद्या मित्राचं माझ्यावर प्रेम असेल, तर त्याला तुमची ही कहाणी सांगायला शिकवा. माझं मन जिंकायला तेवढं पुरे. ऑथेल्लो यासाठी ‘हिंट’ हाच शब्द वापरतो. त्या काळी त्याचा अर्थ ‘संधी’ असा होता, हे संपादक टीपेत बजावतात. पण आजच्या वाचकाला ती हिंटच वाटते, आणि तो फारसा चुकतही नाही. तिसऱ्या अंकात इयागोचं काम सुरू होतं. कॅसिओला डेस्डिमोनापासून दूर जाताना पाहून तो एवढंच पुटपुटतो, की हे काही मला बरं वाटलं नाही. विचारलं तर म्हणतो, काही नाही. मग ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नचिन्ह लावून त्याला परत करत राहतो. आरोप करायची वेळ येते तोवर तो ऑथेल्लोनं स्वतःच्या मनात रचून झालेला असतो. एकाच नाटकात आडून बोलण्यानं लग्न जुळतं आणि आडून बोलण्यानंच खून पडतो. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ लिहून हे सारं मराठी रंगभूमीवर आणलं. कान भरणं हा प्रकार मराठी प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज त्यांना पडली नसणार.

याच कुळातलं ‘इन्टिमेट’ हे क्रियापद आपल्याकडे येऊन पार बदललं. इंग्रज लेखकाच्या हातात ते बहुधा हळुवार असतं. इन्टिमेट करायचं म्हणजे आतली गोष्ट कानाशी लागून सुचवायची. लॅटिन मुळाशी मात्र नुसतं ‘कळवणं’ होतं, आणि आपल्या कचेऱ्यांनी तेच धरून ठेवलं. ‘काइंडली इन्टिमेट’ म्हणजे कृपया कळवावे. दवाखान्याच्या खिडकीपाशी विम्याचा कारकून ओरडून विचारतो, “इंटिमेशन दिलं का?” तेव्हा त्यात कानगोष्टीचा मागमूस नसतो. पॉलिसी नंबर, ॲडमिशनची तारीख, डॉक्टरचं नाव, सगळं जाहीर सांगायचं असतं. एवढ्या नाजूक क्रियापदाला तीन प्रतींत अर्ज भरायला लावणारे आपणच.

आडून बोलण्याचा बंदोबस्त करायचं काम अर्थातच कायद्याकडे आलं. भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं १८३७ साली तयार केला आणि १८६० साली तिचा कायदा झाला. तिच्या ४९९ व्या कलमात बदनामीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली एक उदाहरण आहे. ‘क’ म्हणतो, ‘ज्ञ’ हा प्रामाणिक माणूस आहे, त्यानं ‘ख’चं घड्याळ मुळीच चोरलेलं नाही. ‘ज्ञ’नंच ते चोरलं असं लोकांना वाटावं, हा हेतू असेल तर ही बदनामी. पुढचं उदाहरण त्याहून थोडक्यात : घड्याळ कोणी चोरलं असं विचारल्यावर ‘क’नं ‘ज्ञ’कडे बोट दाखवलं. बोलला काहीच नाही, तरीही बदनामी. २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमाचा आकडा ३५६ झाला. ‘ख’चं घड्याळ मात्र अजून सापडलेलं नाही.

पण तिथं हेतूचा प्रश्न तरी आहे. इंग्लंडमधला कॅसिडीबाईंचा खटला माझ्यासारख्या डेस्कवरच्या माणसाची झोप उडवणारा आहे. घोड्यांच्या शर्यतीच्या ठिकाणी कॉरिगन या नावानं वावरणाऱ्या एका गृहस्थानं एका तरुणीबरोबर फोटो काढून घेतला, आमचा वाङ्‌निश्चय झाला आहे असं सांगितलं आणि छापायला परवानगी दिली. ‘डेली मिरर’नं फोटो छापला, खाली तेवढीच ओळ दिली. गृहस्थ विवाहित होते. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे कॅसिडीबाईंनी, दावा लावला. लग्न ठरलं म्हणजे तो अविवाहित, आणि तो अविवाहित तर मी त्याची कोण? ओळखीच्या लोकांनी हाच अर्थ काढला, असं त्यांचं म्हणणं. ज्युरीनं त्यांना ५०० पौंड दिले आणि १९२९ साली अपील न्यायालयानं बहुमतानं ते कायम केले. वर्तमानपत्रानं त्या बाईंचं नाव घेतलं नव्हतं. त्या अस्तित्वात आहेत हेही त्याला ठाऊक नव्हतं. तरी वाक्याच्या घडीत त्या होत्या. इंग्रजी कायदा याला ‘इन्युएंडो’ म्हणतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मानेनं खूण करणं. इथं मान कोणी हलवलीच नव्हती, तरी खूण पोचली होती.

म्हणजे न बोललेला अर्थ नक्की कोण तयार करतो, बोलणारा की ऐकणारा? इंग्रजीनं यासाठी दोन क्रियापदं ठेवली आहेत : बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर करतो. दोन्हींची अदलाबदल केली की शाळामास्तर रागावतात. पण ही सरमिसळ आजची नाही. दोन्ही क्रियापदं आजच्या रूढ अर्थानं वापरणारा पहिला ज्ञात लेखक सर थॉमस मोर, साल १५२८. आणि पाचच वर्षांनी ‘इन्फर’ हे ‘इम्प्लाय’च्या जवळपास जाणाऱ्या अर्थानं पहिल्यांदा सापडतं, तेही मोरच्याच लेखनात.

विसाव्या शतकात पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९६७ च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत या प्रश्नाची बैठक घातली. त्याचं शिफारसपत्राचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल गुरुजी फक्त एवढंच लिहितात, की याचं इंग्रजी उत्तम आहे आणि हा वर्गात नियमित येतो. वाचणारा समजून जातो. पत्रात एकही खोटं वाक्य नाही, निंदेचा शब्द नाही. जिथं जास्त बोलायला हवं होतं तिथं माणूस कमी बोलला, एवढ्यावरून निकाल लागतो. ग्राइसचं म्हणणं असं, की संभाषणात आपण एकमेकांना सहकार्य करतो हे दोघांनी गृहीत धरलेलं असतं, म्हणूनच असले अर्थ पोचतात. हे वाचताना मला आपल्याकडची स्थळं आठवली. ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला, तर कुठल्या नाडीत दोष निघाला हे मुलीचा बाप कधी विचारत नाही. ते सहकार्यच असतं.

ग्राइसच्या हजारेक वर्षं आधी काश्मीरात हाच वाद रंगला होता, आणि त्यातलं गाजलेलं उदाहरण गोदाकाठचं होतं. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’मध्ये हालाच्या ‘गाथासप्तशती’तली, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातली, एक गाथा घेतली. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते, की आता इथं खुशाल फिरा. तुम्हाला त्रास देणारा तो कुत्रा आज मेला. गोदावरीकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहानं त्याला मारलं. टीकाकार सांगतात, की ती जाळी तिची प्रियकराला भेटायची जागा, आणि फुलं तोडायला येणारा हा भला माणूस तिला तिथं नको आहे. शब्दांत निमंत्रण, अर्थ मनाईचा. आनंदवर्धन म्हणाला, हा ध्वनी. शब्दाचीच ही निराळी शक्ती आहे. पुढे अकराव्या शतकात महिमभट्टानं ‘व्यक्तिविवेक’ लिहून आव्हान दिलं. कसला ध्वनी? कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या ठिकाणी जाणार नाही, हे साधं अनुमान आहे. काम शब्दानं केलं नाही, ऐकणाऱ्याच्या बुद्धीनं केलं. मम्मटानं त्याला उत्तर दिलं आणि परंपरेनं कौल ध्वनीच्या बाजूनं दिला. मला मात्र या बाईपुरतं महिमभट्टाचं म्हणणं पटतं. तिला आपला हेतू कळायला नको आहे. कळला तर सगळंच फिसकटलं. त्यानं फक्त सिंहाचा हिशेब करावा आणि घरी बसावं. ही हिंट नव्हे, अल्यूजन नव्हे, इन्सिन्युएशन तर नव्हेच. ध्वनी आहे तो गाथा वाचणाऱ्या आपल्यासाठी. एकाच वाक्यातून त्या गृहस्थानं एक घ्यायचं आणि आपण दुसरं.

आता मराठीकडे यावं, तर इथं असली सुटी क्रियापदं फारशी सापडत नाहीत. सुचवणं आहे, ध्वनित करणं आहे, पण ही लिहायची भाषा झाली. बोलताना आपण टोमणा मारतो, टोला हाणतो, चिमटा काढतो, कोपरखळी देतो, कानपिचक्या देतो. अगदी सभ्यपणे द्यायचा झाला तर शालजोडीतला देतो. बोलणं खोचक असतं, लागतं, झोंबतं, वर्मी बसतं. इंग्रजीत डिग आणि जॅब आहेत, नाही असं नाही; पण तिच्या या घराण्यातल्या प्रमुख क्रियापदांत आहे ती चाल : दुमडणं, वळणं घेणं, खेळणं, मान हलवणं. इंग्रजी वाट पाहते, मराठी वार पाहते. बोलणारा कुठून आला याची नोंद तिकडे. कुठं लागलं याची इकडे. त्यामुळे ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ या बचावाला इंग्रजीत जेवढी जागा आहे तेवढी मराठीत नाही. टोमणा बसला असेल तर तो मारलेला आहे.

आणि एका प्रकाराला तर इंग्रजीकडे एका शब्दाचं क्रियापदच नाही : लेकी बोले सुने लागे. इथं माणसं तीन लागतात. माझी एक आत्या यात पारंगत होती. लोणी कढायला ठेवून सून फोनवर बोलत राहिली आणि तूप जरा जास्तच लाल झालं. माहेरी आलेली लेक तिथंच लसूण सोलत बसली होती. आत्या तिला म्हणाली, “तुझ्या सासरी चालत असेल बाई चुलीवर टाकून गप्पा मारलेलं. आमच्याकडे नव्हतं असं.” लेकीनं मान वर केली नाही, आपण या वाक्यापुरत्या टपालपेटी आहोत हे ती लहानपणापासून जाणून होती. सुनेनं गॅस बंद केला आणि आपल्या पोराला हाक मारली, “ये रे, आज बेरी छान खमंग झालीय, आजीला आवडते तशी. साखर घालून देते दोघांना.” वाक्यं दोन झाली, दोन्ही भलत्यालाच उद्देशून, आणि भांडण पुरं झालं. कोणी कोणाला काही म्हणालेलंच नव्हतं. ग्राइसला हा सगळा मामला उलगडायला बहुधा दोन व्याख्यानं जास्त लागली असती.

हा प्रसंग मी आत्याच्या लेकीला विचारला तर ती म्हणेल, आईनं सहज सुचवलं. सुनेला विचारला तर ती म्हणेल, टोमणा मारला. शेजारणीला विचारला तर ती डोळे बारीक करून म्हणेल, सुनेच्या माहेराबद्दल बोलत होत्या त्या. वाक्य तेच आहे. क्रियापद सांगणाऱ्यागणिक बदललं. बर्ट्रांड रसेलनं १९४८ साली बीबीसीवर एका विशेषणाचं रूप चालवून दाखवलं होतं : मी ठाम, तू हट्टी, तो ठार अडेलतट्टू. आडून बोलण्याचं रूपही तसंच चालतं. मी सुचवतो, तुम्ही टोमणा मारता, तो पुडी सोडतो.

इतकी वर्षं मला वाटायचं, की हिंट आणि इन्सिन्युएट यांतला फरक बोलणाऱ्याच्या मनात आहे, आणि चांगल्या उपसंपादकानं तो हुडकून काढायचा. आता तसं वाटत नाही. मनात काय होतं हे बोलणाऱ्यालाही नेहमी सांगता येत नाही. आपण क्रियापद लिहितो तेव्हा त्याच्या बोलण्याचं वर्णन करत नसतो, निवाडा देत असतो. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, त्याचा इरादा साफ होता की वाकडा, आणि न बोललेल्याचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं, हे सगळं आम्ही एका शब्दात ठरवून मोकळे होतो. वाचक मात्र ते क्रियापद बातमीचाच भाग म्हणून गिळतो. न्यायालयाला निकालपत्र लिहावं लागतं, कारणं द्यावी लागतात. डेस्कवर ती पद्धत नाही.

म्हणून उत्तरोत्तर मी नुसतं ‘म्हणाले’ लिहू लागलो. वाक्य अवतरणात द्यायचं, पुढे ‘म्हणाले’, आणि आपण बाजूला व्हायचं. त्यात आपला हात सर्वांत कमी, अशी माझी समजूत. एकदा एका वाचकाचा फोन आला. आवाजावरून निवृत्त शिक्षक असावेत. म्हणाले, “इतरांच्या बातम्यांत तुम्ही ‘स्पष्ट केले’, ‘ठणकावून सांगितले’ असं लिहिता. आमच्या साहेबांना तेवढं नुसतं ‘म्हणाले’. यातून तुम्हाला नेमकं काय सुचवायचं आहे?”